दुआ तोंडपाठ झालीये, पण मागणं होत नाहीये

कोरडी_ओंजळ

अस्सलामु अलैकुम सगळ्यांना. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहूनच टाकते.

नमाज पाच वेळची होते, अल्हम्दुलिल्लाह, कधीतरी फजर (पहाटेची) निसटते ती सोडली तर. प्रॉब्लेम नमाजेनंतरचा आहे. परवा इशा (रात्रीची नमाज) झाल्यावर हात उचलले तेव्हा घड्याळ बरोब्बर समोर होतं. "रब्बना आतिना फिद्दुन्या", मग आईवडिलांसाठी "रब्बिरहम्हुमा", मग दरूद (नबींसाठीची दुआ), हात तोंडावरून फिरवले आणि उठले, एकूण ३८ सेकंद. जानमाज घडी करताना मनात आलं की आत्ता मी काय मागितलं? अर्थ माहितीयेत सगळे, ते नाही म्हणत मी, पण मागणारी बाईच तिथे हजर नव्हती असं काहीतरी.

त्यात सध्या घरात एक मोठी अडचण चालू आहे, तपशील नको. तीच अडचण मी बहिणीला फोनवर तासभर सांगते, रडते पण. आणि जो खरंच काही करू शकतो त्याच्यासमोर बसले की परत तेच ३८ सेकंद. तुम्ही लोक काय करता? नवीन दुआंची लिस्ट देऊ नका प्लीज, लिस्टा खूप आहेत माझ्याकडे.

अलार्म_स्नूझ

वालेकुम सलाम ताई. माझं २० सेकंदात होतं, तुम्ही पुढे आहात 😐 धागा फॉलो करतोय.

जुना_वाचक

वालेकुम सलाम. ताई तुमच्या प्रश्नातच अर्धं उत्तर आहे असं मला वाटतं, ते बहिणीचं. बहिणीला सांगताना तुम्ही "मला दुनियेत भलाई दे" असं म्हणत नाही ना, तुम्ही म्हणता अगं काल असं झालं, मग तो असं म्हणाला, मला झोप नाही. म्हणजे घटना सांगता, नाव घेऊन सांगता. दुआत आपण एकदम ठोक भाषेत शिरतो आणि तिथेच सगळं सपाट होतं.

कुरआनातल्या नबींच्या (प्रेषितांच्या) दुआ एकदा या नजरेने वाचून बघा. झकरिया अलै. यांची सूरह मरयमच्या सुरुवातीला आहे. आधी सांगितलंय की त्यांनी रब्बला हळू आवाजात, गुपचूप हाक मारली. आणि मग मागण्याआधी काय बोलतात तर, माझी हाडं कमकुवत झाली, डोकं पांढऱ्या केसांनी पेटल्यासारखं झालंय, आणि हे रब्बा, तुझ्याकडे मागून मी कधी कमनशिबी राहिलो नाही. मग आपल्या मागे राहणाऱ्यांची काळजी वाटते म्हणतात, बायको वांझ आहे म्हणतात, आणि तेव्हा कुठे वारस मागतात. अल्लाहला त्यांच्या हाडांची खबर नव्हती का? होतीच की. तरी त्यांनी सांगितलं, आणि कुरआनाने ते तसंच्या तसं ठेवलं.

दुसरी मूसा अलै. यांची, ही माझी सगळ्यात लाडकी. मिसरमधून जीव वाचवून पळालेले, मदयनला पोचलेत, घर नाही, काम नाही, ओळखीचं कुणी नाही. विहिरीवर दोघी जणी आपली जनावरं मागे आवरून उभ्या आहेत, यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजलं आणि सावलीत जाऊन बसले. आणि एकच वाक्य, "रब्बि इन्नी लिमा अन्झल्त इलय्य मिन् खैरिन् फकीर", म्हणजे तू जी काही भलाई माझ्याकडे उतरवशील तिचा मी गरजू आहे. काय पाहिजे ते सांगितलंच नाही! फक्त हात रिकामे आहेत एवढं दाखवलं. लगेच पुढच्या आयतीत त्या दोघींपैकी एक लाजत चालत बोलवायला येते आणि मग काम, घर, लग्न सगळंच.

अय्यूब अलै. पण तसेच, "मला त्रासाने गाठलंय आणि तू सगळ्यात जास्त रहम करणारा", बस. बरं कर असंसुद्धा म्हटलेलं नाही.

तेव्हा कमी बोलणं हा दोष नाहीये ताई, मूसा अलै. यांची दुआ तर तुमच्या ३८ सेकंदांत चार वेळा बसेल. फक्त ती त्या सावलीत बसलेल्या माणसाची होती, दुसऱ्या कुणाची असूच शकत नव्हती.

कोरडी_ओंजळ

हे वाचून जरा वेळ गप्प बसले. बहिणीचं खरंय. पण एक अडतं, मला अरबी येत नाही आणि मराठीत मागायला लागलं की उगाच अपराधी वाटतं, जसं काही बिनइस्त्रीचे कपडे घालून कुणाकडे गेलेय.

फिकहवेडा

भाषेचा मुद्दा नीट मांडतो कारण यात फार गोंधळ असतो. नमाजेच्या आत (सजदा, अत्तहिय्यातनंतर वगैरे) हनफी मसलकात (फिकहच्या पंथात) अरबीशिवाय दुसऱ्या भाषेत दुआ मागणं मकरूह (नापसंत) मानतात. काही दुसरे उलेमा ज्याला अरबी येत नाही त्याला सूट देतात. तुम्ही ज्या मसलकावर चालता त्यातल्या जाणकाराला विचारा, इथे ठराव पास करून उपयोग नाही. पण सलाम फिरवल्यावर, नमाजेच्या बाहेर, कुठल्याही भाषेत मागा, त्यात वादच नाही. मराठी, दखनी, निम्मंनिम्मं, काहीही.

आणि ते अपराधी वाटण्यावर अबू दाऊद या हदीससंग्रहातली एक हदीस (नबींच्या बोलण्या-वागण्याची नोंद) आहे. नबी सल्ल. (मुहम्मद पैगंबर) यांनी एका माणसाला विचारलं की तू नमाजेत काय म्हणतोस. तो म्हणाला, मी अत्तहिय्यात वाचतो आणि मग म्हणतो की या अल्लाह मला जन्नत दे आणि आगीपासून वाचव, तुमचं आणि मुआझचं (नबींचे एक सोबती) ते गुणगुणणं मला काही नीट जमत नाही. नबी सल्ल. म्हणाले, आम्हीही त्याच्याच आजूबाजूला गुणगुणतो.

आता तो माणूस अरबच होता हे लक्षात घ्या. म्हणजे भाषा येऊनसुद्धा त्याला शब्द जमत नव्हते.

अलार्म_स्नूझ

गुणगुणणं 😄 हे कधीच ऐकलं नव्हतं. दिल खुश.

सहाय्यक_आपा

सगळे एका बाजूला झुकताय म्हणून दुसरी बाजू सांगते. पाठ असलेल्या दुआंना एवढं पण हलकं करू नका. "रब्बना आतिना फिद्दुन्या" ही तर नबी सल्ल. सगळ्यात जास्त मागायचे असं नबींचे सोबती अनस रजि. सांगतात, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे.

आणि उम्मे सलमा रजि. यांचा किस्सा घ्या. नवरा गेला, अबू सलमा. त्यांना शिकवलेली दुआ पाठ होती की माझ्या या मुसीबतीत मला अज्र (मोबदला) दे आणि बदल्यात याहून चांगलं दे. त्या स्वतः सांगतात की मला वाटलं अबू सलमाहून चांगला कोण असणार? पण तरी म्हटली. मन मागे राहिलंय, पटलेलंच नाहीये, आणि तोंड शिकवलेले शब्द बोलतंय. पुढे त्यांचं लग्न नबी सल्ल. यांच्याशी झालं. सहीह मुस्लिममध्ये आहे हे.

माझ्या अम्मीचा इंतकाल झाला तेव्हा मला स्वतःचे शब्द सुचायचे दिवसच नव्हते, अक्षरशः तोंडातून वाक्य पूर्ण होत नव्हतं, तेव्हा लहानपणी घोकलेलंच कामाला आलं. म्हणून म्हणते की पाठ असलेलं टाकू नका, फक्त हळू म्हणा. मी "हसनह" शब्दावर थांबते. दुनियेतली भलाई, म्हणजे माझ्यासाठी आज काय? तिथे मराठीत दोन वाक्यं घालते आणि मग पुढे जाते. दुआ तीच, मध्ये खिडक्या उघडल्या एवढंच.

जुना_वाचक

आपा मान्य, मी जरा एकांगी लिहिलं. खिडक्यांची आयडिया मी चोरतोय.

रात्रपाळी

मी प्रॅक्टिकल माणूस आहे, माझं सांगतो, पटलं तर घ्या.

१) हात उचलल्या उचलल्या मागायला लागू नका. तिरमिझीत (हाही हदीससंग्रह) एक प्रसंग आहे, एकाने नमाजेत अल्लाहची तारीफ नाही, दरूद नाही, डायरेक्ट दुआ सुरू केली, तर नबी सल्ल. म्हणाले याने घाई केली. मग शिकवलं की आधी हम्द (तारीफ), मग दरूद, मग जे हवं ते माग. मी हे वर्षानुवर्षं फॉर्म्यालिटी समजत होतो. आता वाटतं ते आपल्याच साठी आहे, तेवढ्या वेळात डोकं ऑफिसमधून निघून जागेवर येतं. मी तर सुरुवातीला एक मिनिट काहीच बोलत नाही, नुसता तळहातांकडे बघतो. वुझूचं (नमाजेआधी हातपाय धुतल्याचं) पाणी कधी कधी मनगटावर राहिलेलं असतं, ते गार लागतं, तेव्हा कळतं की हां मी इथे बसलोय.

२) वेळ. रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा, बुखारी मुस्लिमची हदीस सगळ्यांना माहितीये, कोण आहे माझ्याकडे मागणारा, मी त्याला देईन. पण हिशोब कुणी करत नाही आणि उगाच घाबरतात की रात्रभर जागायचंय. समजा मगरिब साडेसहाला आणि फजर साडेपाचला, म्हणजे रात्र ११ तासांची, तिसरा हिस्सा ३ तास ४० मिनिटं, म्हणजे १:५० पासून तो वेळ सुरू. फजरच्या अलार्मच्या फक्त १५ मिनिटं आधी उठलात तरी तुम्ही त्यात आहात! माझी ड्यूटी रात्रीची असते म्हणून मला हा वेळ आयता मिळतो, त्याचं क्रेडिट मला नाही. तेही जमत नसेल तर अजान आणि इकामतच्या (नमाज सुरू होतानाची हाक) मधला वेळ आहे, रोज पाचदा मिळतो, आणि आपण तो मोबाईलला देतो.

३) "जमलं तर बघ" सुरात मागू नका. बुखारीत स्पष्ट मनाई आहे, कुणी असं म्हणू नये की या अल्लाह तुला वाटलं तर मला माफ कर, ठामपणे मागावं, कारण त्याच्यावर जबरदस्ती करणारा कुणी नाही. आपण माणसांकडे मागताना संकोचतो कारण समोरच्याला अडचण होईल, तीच सवय इथे आणतो.

४) ते "अमुक दुआ इतक्या वेळा वाचा आणि दहा जणांना पाठवा, तीन दिवसांत काम होईल" वाले फॉरवर्ड बंद करा बाबांनो. त्याने दुआ राहत नाही, टोकन मशीन होते.

नाव_नको

सगळं छान चाललंय, मी जरा मिठाचा खडा टाकतो, सॉरी.

मी चार वर्षं एकच गोष्ट मागतोय. तहज्जुदमध्ये (रात्री उठून पढायची नमाज), रोजा सोडताना, रमजानच्या शेवटच्या दहा रात्री, सगळं करून झालं. रडून झालं. मिळालं नाही. आता हात उचलले की तो विषय मी टाळतो, बाकी सगळ्यांसाठी मागतो आणि उठतो. घाई करू नका हे मला माहितीये, ती हदीस मला सात जणांनी ऐकवलीये.

अलार्म_स्नूझ

भाई 💔

जुना_वाचक

भाई सॉरी कशाला. ती हदीस मी आठव्यांदा ऐकवत नाही. दुसरी एक सांगतो जी लोक या विषयात कमी काढतात.

सहीह मुस्लिममध्ये सअद बिन अबी वक्कास रजि. सांगतात, नबी सल्ल. एकदा बनू मुआवियाच्या मस्जिदीवरून जात होते, आत गेले, दोन रकात पढले, आम्हीही सोबत पढलो, आणि मग त्यांनी खूप वेळ दुआ केली. नंतर आमच्याकडे वळून म्हणाले, मी रब्बकडे तीन गोष्टी मागितल्या, दोन दिल्या, एक नाकारली. उम्मत दुष्काळाने संपू नये, हे दिलं. बुडून संपू नये, हे दिलं. आपापसात लढू नये, हे नाकारलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला धक्का बसला होता, खरं सांगतो. मागणारा कोण, आणि नाकारलं. आणि नबी सल्ल. हे लपवत नाहीत, बाहेर येऊन सोबत्यांना सांगतात. म्हणजे न मिळणं याचा अर्थ मागणाऱ्यात खोट असं नाही. तुमच्या डोक्यात जर ते चालू असेल की माझंच कुठेतरी चुकतंय म्हणून मिळत नाही, तर किमान तेवढं ओझं उतरवा.

फिकहवेडा

याला जोडून मुस्नद अहमदमधली अबू सईद खुदरी रजि. यांनी सांगितलेली हदीस. गुनाहची किंवा नातं तोडण्याची नसेल तर दुआचं तीनपैकी एक होतं, इथेच लवकर मिळतं, किंवा आखिरतसाठी जपून ठेवलं जातं, किंवा तेवढीच एखादी बला टळते. सहाबा (नबींचे सोबती) म्हणाले मग तर आम्ही खूप मागू. उत्तर आलं, अल्लाहकडे त्याहून खूप आहे.

नाव_नको

हे तीन ऑप्शनवालं माहीत होतं, आणि खरं सांगू का, ते मला हिशोब जुळवल्यासारखं वाटायचं. वरचं नाकारल्याचं माहीत नव्हतं. बघतो.

सहाय्यक_आपा

भाई, एक विचारते, रागावू नका. तुम्ही तो विषय टाळता म्हणालात. टाळता कशाला, तेच बोला की. "चार वर्षं झाली, मी थकलो, आता मागायची पण भीती वाटते." हे म्हणणं पण दुआच आहे. याकूब अलै. इतकी वर्षं हरवलेल्या मुलासाठी, यूसुफसाठी रडले, डोळे गेले, मुलं म्हणायला लागली की तुम्ही याच आठवणीत संपाल, तर ते काय म्हणाले? मी माझं दुःख आणि गम फक्त अल्लाहकडे बोलतो. तक्रार हा शब्दच आहे तिथे. तक्रार त्याच्याकडे केली, त्याच्याबद्दल दुसऱ्याकडे नाही, फरक तेवढाच.

आणि बाकी सगळ्यांसाठी मागता ते चालूच ठेवा. मुसलमान भावासाठी त्याच्या पाठीमागे दुआ केली की फरिश्ता म्हणतो आमीन, तुलाही तसंच मिळो. मुस्लिममध्येच आहे. म्हणजे तुम्ही टाळत असलात तरी तुमच्यासाठी कुणीतरी मागतंय.

नाव_नको

आपा, या शेवटच्या वाक्यावर मी ऑफिसच्या जिन्यात येऊन उभा राहिलोय.

रात्रपाळी

जरा हलकं करतो. दुसऱ्यांसाठी मागण्यावरून आठवलं, बुखारीत तो बद्दू (वाळवंटातला भटका अरब) आहे ना, नमाजेतच म्हणाला, या अल्लाह माझ्यावर आणि मुहम्मदवर रहम कर आणि आमच्याशिवाय कुणावरच नको 😄 सलाम फिरवल्यावर नबी सल्ल. म्हणाले, अरे एवढी विशाल गोष्ट तू आखडून टाकलीस.

माझ्याकडे एक छोटी वही आहे, त्यात लोकांची नावं आहेत. कुणी "दुआ में याद रखना" म्हटलं की लगेच लिहितो, नाहीतर आपण हो हो म्हणतो आणि विसरतो. एका बैठकीत पाचसहा नावं घेतो, नावासोबत त्यांची अडचण. त्यातली काही नावं आता खोडलीयेत कारण काम झालं. काही खोडलीयेत कारण माणूस गेला, मग मगफिरतच्या (माफीच्या दुआच्या) पानावर परत लिहिलीयेत.

अलार्म_स्नूझ

एक बावळट प्रश्न. अल्लाहला सगळं माहीतच आहे, लिहिलेलंही आहे, मग सांगायचं कशाला एवढं? वाद घालत नाहीये, खरंच डोक्यात येतं सजद्यात.

जुना_वाचक

बावळट नाहीये. बदरच्या लढाईचा दिवस घ्या, २ हिजरी. मदतीचं वचन मिळालेलं होतं. तरी नबी सल्ल. किबल्याकडे तोंड करून हात पसरून इतका वेळ मागत राहिले की खांद्यावरची चादर खाली पडली. अबू बक्र रजि. यांनी ती उचलून परत खांद्यावर टाकली, मागून कवेत घेतलं आणि म्हणाले, पुरे आता या रसूलल्लाह, रब्ब आपलं वचन पूर्ण करेल. खात्री असूनही मागतायत. म्हणजे दुआ ही माहिती पोचवायला नाहीच. "दुआ हीच इबादत आहे" ही तिरमिझीतली हदीस मला या चादरीमुळे समजली, नुसती वाचून समजली नव्हती.

अजून एक बारीक गोष्ट. कुरआनात बऱ्याच ठिकाणी येतं, लोक तुला अमुक विचारतात, तर सांग की. चांदबद्दल विचारतात, सांग. दारूबद्दल विचारतात, सांग. पण सूरह बकराच्या १८६ व्या आयतीत, माझे बंदे तुला माझ्याबद्दल विचारतील तर, आणि तिथे "सांग" नाहीच! सरळ "मी जवळ आहे". मुफस्सिरांनी (कुरआनाच्या भाष्यकारांनी) यावर लिहिलंय की मधला माणूससुद्धा काढून टाकला. आणि ही आयत रोजांच्या हुकमांच्या बरोब्बर मधोमध येते, आधी रोजा, नंतर परत रोजा, आणि मध्ये हे.

अलार्म_स्नूझ

ओके. आज स्नूझ नाही दाबणार. (काल पण म्हटलं होतं.)

कोरडी_ओंजळ

तीन आठवड्यांनी लिहितेय, धागा वर काढल्याबद्दल सॉरी.

पहिले चारपाच दिवस काही झालं नाही. गप्प बसायचं म्हटलं की उद्याची कामं आठवायची. मग एक दिवस फजरआधी उठले, १० मिनिटंच होती, घरात सगळे झोपलेले, लाईट न लावता बसले. हम्द, दरूद झालं. आणि अडचण सांगायला लागले, अगदी बहिणीला सांगते तशी, तारीख वार सांगून, अमुक दिवशी हे झालं, त्यावर मी असं बोलले. आणि "मी असं बोलले" वर येऊन अडकलेच. कारण मी जे बोलले होते ते बहिणीला सांगताना मी गाळत होते. इतके दिवस. तिला माझीच बाजू कळावी म्हणून. इथे गाळून उपयोगच नव्हता, त्याला माहीतच आहे, मग गाळायचं कुणासाठी.

तर मागायला बसले होते एक आणि माफी मागून उठले भलत्याच गोष्टीची. नंतर तिला फोन करून ते वाक्यही सांगितलं. ती म्हणाली मला अंदाज होता.

अडचण अजून आहे तिथेच आहे, हो. पण घड्याळ बघितलं नाही परत. आपा, मी "हसनह" वर थांबते आता. रात्रपाळी भाई, वही घेतली, पहिलं नाव "नाव_नको" असंच लिहिलंय, खरं नाव माहीत नाही, चालेल ना?

आणि एक फालतू शंका राहिली, दोझानू (गुडघे मोडून) बसून बसून माझे पाय सुन्न होतात, मग सगळं लक्ष पायातच. मांडी बदलली तर बेअदबी होते का?

फिकहवेडा

नाही होत. खुशाल मांडी घाला, पाय दुखत असतील तर खुर्चीवर बसा. सूरह आले इमरानमध्ये उभे, बसलेले आणि कुशीवर पडलेले, तिघांचाही जिक्र आहे.

नाव_नको

चालेल ताई. तेच लिहा.